छोट्या घोड्यांची जोडी आणि चौकडी कशी हाकायची: नजर ओढपट्ट्यांवर ठेवा

आमच्या घरात घोडा काही नवीन नाही, आजोबा सोलापूर स्टेशनला टांगा हाकायचे, पण एक घोडा हाकणं वेगळं आणि दोन-चार घोडे एका गाडीला जुंपून हाकणं वेगळं, हे मला स्वतः चार मिनी घोडे पाळल्यावर कळलं. तुळजापूर रोडला तळे हिप्परग्याच्या बाजूला आमचं थोडं रान आहे, तिथं हे चौघं असतात, हिरा, गंगी, बाजी आणि टिकल्या. बघायला लोक येतात, पोरं तर हटता हटत नाहीत, आणि एक प्रश्न हमखास येतो, काय ओ दादा, चार जुंपले म्हणजे चौपट ओढत असतील की?

तसं होत नाही. चार जुंपले की काम चौघांत वाटलं जातं, आणि ते नीट वाटलं जातंय का एकटाच मरमर ओढतोय आणि बाकीचे नुसते बरोबर चाललेत, हे बघणं हेच खरं जोडी हाकण्याचं काम. घोड्याच्या तोंडाकडं, मानेच्या डौलाकडं बघून ते कळत नाही. छातीपासून गाडीपर्यंत जे दोन पट्टे जातात, ज्याला इंग्रजीत ट्रेस म्हणतात आणि मी खाली ओढपट्टे म्हणणार आहे, ते ताठ आहेत का सैल त्यावरनं कळतं. ह्या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहिली तरी हीच राहू द्या.

घोडा किती छोटा, आणि किती ओढणार

मिनिएचर हॉर्स म्हणजे नुसतं बुटकं तट्टू नव्हे. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन १९७८ साली निघाली, त्यांच्याकडं उंचीची हद्द ३४ इंच, म्हणजे साधारण ८६ सेंटीमीटर, आणि ती आयाळीचा शेवटचा केस जिथं संपतो तिथं मोजतात. तिकडच्याच दुसऱ्या एका नोंदणीत ३८ इंचापर्यंतचे घोडेही धरतात. आपल्या भीमा खोऱ्यातलं भीमथडी हे वेगळं जनावर, ते सवारीचं आणि ओझ्याचं, त्याला यात धरू नका. आपल्याकडं 'मिनी' म्हणून जे विकायला येतात त्यात बरेच मिसळीचे असतात, त्यालाही माझी हरकत नाही, फक्त घेताना टेप न्या, दात बघा, आणि सपाट जागेवर समोरनं आणि मागनं चालवून बघा. अकलूजच्या बाजारात गर्दीत घाईनं सौदा करू नका, जनावर तासभर बांधलेल्या जागी कसं उभं राहतं ते लांबनं बघत बसा. जे सारखं पाय आपटतंय, शेजारच्याला चावायला जातंय, ते जोडीत त्रास देणार.

ह्या घोड्यांचं वजन साधारण ७० ते ११० किलो भरतं. मी धरतो तो हिशोब असा: सपाट टणक रस्त्यावर गाडी आणि माणसं मिळून घोड्याच्या स्वतःच्या वजनाइतकं. म्हणजे ९० किलोचे दोन असतील तर १८०. माझी गाडी ८० किलोची आणि मी ७२ चा, झाले १५२, आता मागं ६० किलोचा भाचा बसला की २१२ होतात, म्हणून जोडी असताना भाचा बाजूनं चालतो, गाडीत बसत नाही. चौघं असले की कागदावर ३६० येतात पण मी २५० च्या वर जात नाही, कारण पुढची जोडी वळणावर आणि उतारावर ओढतच नाही, तेव्हा सगळा भार मागच्या दोघांवरच असतो. चढ आला, काळ्या रानातली ओली माती आली की हे आकडे निम्म्यावर आणा. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती चाकाला कशी चिकटते ते सांगायला नको, त्या दिवसांत मी मुरमाचा रस्ता सोडून कुठंच जात नाही.

वय तीन वर्षं पुरं झाल्याशिवाय गाडीला जुंपायचं नाही. दुसऱ्या वर्षी मागनं चालत राशीवर, म्हणजे लगामाच्या लांब पट्ट्यांवर, हाकायला शिकवा, टायर-बियर ओढायला लावू नका. आणि जोडीत घालायच्या आधी प्रत्येकानं किमान सहा महिने, वर्ष झालं तर उत्तमच, एकट्यानं गाडी ओढलेली असावी. एकटा नीट चालत नाही म्हणून जोडीला लावतो म्हणजे दुसऱ्याचं बघून शिकेल, असं म्हणणारे लई भेटतात. शिकतो तो, पण शेजाऱ्यावर भार टाकून नुसतं चालायला शिकतो.

नर असतील तर खच्ची केलेले घ्या. मादी माजावर आली की जोडीतलं गणित चार-पाच दिवस बिघडतं, गंगीच्या बाबतीत ते दिवस मी कॅलेंडरवर खूण करून ठेवतो.

सामान: इथं पैसे वाचवू नका

पहिलं सामान मी एका दुकानातनं बनवून घेतलं, मोठ्या घोड्याच्या मापाचंच छोटं करून दिलं त्यांनी, दिसायला लई छान, पितळी फुलं वगैरे. तीन दिवसांत हिराच्या छातीवर दोन्ही बाजूला रुपयाएवढे केस गेले आणि खालची कातडी लाल झाली. चूक दोन ठिकाणी होती. एक तर छातीपट्टा खाली बसत होता, खांद्याच्या हाडाच्या टोकावर, त्यामुळं प्रत्येक पावलाला तिथं घासायचा. तो त्या टोकाच्या वर आणि श्वासनळीच्या खाली बसला पाहिजे, त्या दोन्हीच्या मधली जागा मिनीमध्ये जेमतेम चार बोटं असते. दुसरी चूक गाडीची, ओढपट्टे एका पक्क्या लोखंडी दांड्याला बांधलेले होते. घोडा चालताना आधी एक खांदा पुढं जातो मग दुसरा, पट्ट्यांनी त्याच्याबरोबर मागंपुढं व्हायला पाहिजे, म्हणून छातीपट्टा वापरायचा असेल तर प्रत्येक घोड्याला मधोमध खिळीवर झुलणारा स्वतंत्र दांडका हवाच. तो नसला की छातीपट्टाच इकडनं तिकडं सरकतो आणि कातडी सोलतो.

ओढपट्टा छातीपासून गाडीपर्यंत बाजूनं बघितला तर सरळ रेषेत दिसला पाहिजे. गाडीकडं खूप खाली उतरत असेल तर छातीपट्टा खाली ओढला जातो. अशा गाडीला गळ्यातली गोल कॉलर बरी, पण ती प्रत्येक घोड्याच्या मानेच्या मापाचीच लागते, एकाची दुसऱ्याला चालत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. डोळ्यांच्या झापडा लावा, जोडीत त्या जास्तच लागतात, नाहीतर शेजाऱ्यासाठी उचललेला चाबूक बघून हाच बिचकतो. लगामाचा तोंडातला तुकडा ३४ इंची घोड्याला साधारण साडेतीन इंची लागतो, जाड घेऊ नका, ह्यांच्या तोंडात जागाच नसते. मिनीच्या छोट्या जबड्यात दात दाटीनं येतात, म्हणून लगाम घालायच्या आधी डॉक्टरांकडनं दात बघून घ्या. काटेरी लगाम तर कायद्यानंच बंद आहे. शेपटीखालनं जाणारा पट्टा, म्हणजे दुमची, मऊ हवी, तिच्यात एकही केस अडकू देऊ नका, एक केस अडकला तरी घोडा लाथा झाडतो आणि आपण म्हणतो का बिथरला. आणि मांड्यांच्या मागनं जाणारा पट्टा, ज्याच्यावर घोडा गाडी थोपवतो, तो गाडीला चांगला ब्रेक नसेल तर सोडू नका.

गाडी जोडीसाठी चार चाकी बघा. दोन चाकीला दोघांच्या मधली दांडी मानेवर भार टाकते, तोल जरा चुकला की दिवसभर मानेवर ओझं. चार चाकीत पुढची चाकं फिरत्या चकतीवर असतात तेव्हा फार आखडून वळलं तर चाक गाडीखाली घुसतं आणि गाडी कलंडते, वेल्डिंगवाल्याकडनं तिथं अडवणारा ठोकळा बसवून घ्या. हवेची ट्यूब टाकू नका, वेड्या बाभळीचा काटा आठवड्यातनं दोनदा बसवेल खाली. भरीव रबर बरं. दांडीचं टोक घोड्यांच्या छातीच्या रेषेत यावं, फार पुढं गेलं तर वळताना आदळतं, फार मागं राहिलं तर थोपवायला जोर मिळत नाही.

राशी: डावी म्हणजे दोघांची डावी

इथं नवीन माणूस गोंधळतो म्हणून जरा सावकाश सांगतो.

जोडीत तुमच्या हातात दोनच राशी असतात. डावी रास सरळ डाव्या घोड्याच्या तोंडाच्या डाव्या, म्हणजे बाहेरच्या कडीला जाते. त्याच राशीवर वाटेत एक बकल असतं, तिथनं दुसरा पट्टा फुटतो आणि तो आडवा जाऊन उजव्या घोड्याच्या तोंडाच्या डाव्या, म्हणजे आतल्या कडीला लागतो. उजव्या राशीचं ह्याच्या उलट. म्हणून डावी ओढली की दोघांची तोंडं डावीकडं.

हा आडवा पट्टा सरळ भागापेक्षा लांब असतो कारण त्याला मधलं अंतर पार करायचं असतं. मोठ्या घोड्यांच्या आखेनबाख पद्धतीच्या राशीत, ही बेनो फॉन आखेनबाख ह्या जर्मन माणसानं बसवलेली पद्धत, मधल्या भोकावर तो फरक १२ सेंटीमीटरचा धरतात. मिनीला तो आकडा घेऊन चालत नाही, तुमचे दोघं किती अंतरावर चालतात त्यावर ठरतं. मी असं करतो, दोघांना दांडीच्या दोन बाजूला सरळ उभं करतो, हातात राशी सारख्या धरतो, आणि भाच्याला दहा पावलं पुढं उभं करून विचारतो की नाकं कुठं बघायलेत. दोन्ही नाकं एकमेकांकडं वळली तर आडवे पट्टे आखूड आहेत. दोन्ही बाहेर बघत असतील तर लांब आहेत. सरळ समोर बघायला लागली की झालं.

आता एक उतावळा आणि एक सुस्त असेल तर. समजा उजवा सारखा पुढं पळतोय. मग डाव्या राशीवरचं बकल, जे उजव्याच्या आतल्या कडीला जातं, ते दोन भोकं तुमच्या हाताकडं घ्या, म्हणजे उजवा आवरला जाईल. आणि उजव्या राशीवरचं बकल तेवढीच दोन भोकं तोंडाकडं सरकवा, म्हणजे डाव्याला मोकळं मिळेल. एकच बदलून चालत नाही, दोन्ही बरोबर आणि उलट दिशेनं. आणि एका वेळी दोनच भोकं, मग शंभर-दीडशे पावलं चालवून परत पट्टे बघा.

पण उतावळा नेहमी जास्त ओढतोच असं नाही बरं का. बाजी मान उंच करून पुढं पुढं जायचा आणि मला वाटायचं हाच सगळं ओढतोय, शाबास रे बाजी. एक दिवस सामान काढल्यावर हात फिरवला तर बाजीची छाती कोरडी, वर धूळ तशीच बसलेली, आणि शेजारच्या टिकल्याची छाती घामानं चिंब, केस चिकटलेले. मग दुसऱ्या दिवशी खाली वाकून ओढपट्टे बघितले तर बाजीचे हिंदकळत होते आणि टिकल्याचे तारेसारखे ताणलेले. महिनाभर मी चुकीच्या घोड्याचं कौतुक करत होतो. तेव्हापासनं रोज सामान उतरवल्यावर चौघांच्या छातीवर तळहात फिरवायचा हा नियम आहे आमच्याकडं, घाम सगळ्यांना सारखा आला पाहिजे.

शिकवायचा क्रम

पहिला आठवडा नुसतं शेजारी शेजारी चालवायचं, म्होरकीवर, गाडी नाही राशी नाही, एक माणूस ह्याच्याकडं एक त्याच्याकडं. खाणंही शेजारीच. कोण डावीकडं बरा वाटतो कोण उजवीकडं हे इथंच कळतं. जे एकमेकांना चावतात त्यांना चावूनच एकदा ठरवू द्या, पण मोकळ्या कुंपणात, सामान अंगावर असताना नाही.

मग पूर्ण सामान घालून, राशी जोडीच्या लावून, मागनं चालत हाकायचं. इथं हाकेचे शब्द पक्के करा, चल, हो, मागं, सावकाश, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. नावंही विचार करून ठेवा. आमच्या ओळखीच्या एकाकडं मोती आणि मोगरा अशी जोडी आहे, तो 'मो' म्हणाला की दोघं दचकतात. चौकडीत एकाच घोड्याला सांगायचं असतं तेव्हा नाव हाच सगळ्यात जवळचा उपाय, चाबूक तिथपर्यंत पोचतोच असं नाही.

तिसरी पायरी टायर. स्कूटरचा जुना टायर, दोरीनं झुलत्या दांडक्याला बांधायचा, आणि त्याच्या मागं एक माणूस दोरी सोडायला तयार. दोन्ही बाजूंनी, दोन्ही वळणांवर, मुरमावर आवाज येईल असा ओढू द्या. नवीन घोडा असेल तर शेजारी कायम शिकलेला, दोघंही नवीन असले तर एक घाबरला की दुसरा त्याच्यापेक्षा जास्त घाबरतो.

मगच गाडी, आणि ती बंद कुंपणात, पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं. आजी म्हणायची तो जुना उखाणा खरा आहे, पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला, तर न फिरवल्यानं. आठवड्यातनं एकदा दोन तास फिरवण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी.

आवाजाची सवय हा आपल्याकडं मोठा विषय. लग्नसराईत डीजे, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेला शोभेचं दारूकाम. वाखरीला पालखीच्या रिंगणात लाखो माणसांत अश्व कसे धावतात ते बघून लोकांना वाटतं घोड्याला सगळं जमतं, पण त्यामागं सवय असते. मी आधी शेजारच्या रानातनं हलगी वाजवायला लावतो, घोडे खात असताना, लांबनं, आणि रोज थोडं जवळ. नवीन जोडी घेऊन पहिल्याच वर्षी वरातीत जाऊ नका, कितीही पैसे देऊ देत.

जुंपायचा क्रम, आणि तो का

आधी राशी, मगच बाकी सगळं. राशी बांधून हाकणाऱ्याच्या हातात असल्याशिवाय एकही पट्टा गाडीला लागता कामा नये. एक माणूस तोंडाशी उभा. मग दांडीच्या टोकापासून छातीपट्ट्याला जाणारा पट्टा, आधी सैल. मग बाहेरचा ओढपट्टा, मग आतला. बाहेरचा आधी कशाला, तर घोडा मागनं बाहेर फिरायला लागला तर तोच अडवतो. शेवटी दांडीचा पट्टा बेताचा आवळायचा, असा की ओढपट्टे ताणलेले असताना तो किंचित सैल राहिला पाहिजे. जास्त आवळला तर घोडा दिवसभर दांडीलाच ओढत बसतो, फार सैल सोडला तर थांबताना गाडी मागनं येऊन पायावर आदळते.

गाडीला जुंपलेल्या घोड्याच्या तोंडातला लगाम कधीच काढायचा नाही, पाणी पाजायला नाही, फोटो काढायला नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. लगामाबरोबर झापडा निघाल्या की त्याला मागची गाडी दिसते आणि तो तिच्यापासनं पळायला बघतो, ती तर त्याच्या मागंच येणार. जुंपलेला घोडा झाडाला बांधूनही जाऊ नका. सीटखाली धारदार सुरी ठेवा, पाय अडकला तर पट्टा कापता आला पाहिजे. डोक्याला हेल्मेट, मोटरसायकलवर घालतो मग इथं का नको.

चौकडी

जोडी सहा महिने बिनतक्रार चालली की पुढची जोडी लावायचा विचार करा. मागं, चाकाजवळ, जड आणि शांत दोघं, कारण दांडी त्यांच्याकडं, थोपवणं त्यांच्याकडं. पुढं हलके, धीट, पुढं बघून चालणारे. पुढं चालायला घाबरणारा घोडा तिथं लावला तर तो मागं वळून तुमच्याच तोंडाकडं बघत उभा राहतो. आमच्याकडं हिरा-गंगी मागं, बाजी-टिकल्या पुढं. तिकडं अमेरिकेत सहा-सहा मिनीही जुंपतात, तेव्हा मधली अजून एक जोडी येते. एकामागं एक दोनच लावायची तऱ्हाही आहे, टँडम म्हणतात, दिसायला सोपी पण पुढच्याच्या शेजारी ना सोबती ना दांडी, तो हवा तसा वळू शकतो, चौकडीपेक्षा अवघड. तिच्या वाटेला घाईनं जाऊ नका.

पुढच्या जोडीचे ओढपट्टे दांडीच्या टोकाला अडकवलेल्या आडव्या दांडक्यांना लागतात. ते दांडके पुढच्यांच्या मागच्या पायांच्या गुडघ्यांना लागणार नाहीत एवढं अंतर ठेवा, आणि ओढपट्टे सैल सुटले तरी पायात येतील इतके लोंबू देऊ नका. त्यांच्या राशी मागच्या जोडीच्या डोक्यावरच्या कड्यांतनं आणि मग पाठीवरच्या गादीच्या कड्यांतनं येतात.

आता तुमच्या हातात चार राशी, दर जोडीची एक डावी आणि एक उजवी. डाव्या हातात, पुढच्या डाव्याची पहिल्या बोटावरनं, पुढच्या उजव्याची आणि तिच्याखाली मागच्या डाव्याची पहिल्या आणि मधल्या बोटाच्या मधनं, मागच्या उजव्याची मधल्या आणि तिसऱ्या बोटाच्या मधनं. उजवा हात फिरता, मदतीला. हे घोड्यांवर शिकायला जाऊ नका, त्यांच्या तोंडाची वाट लागते. मी घरी एका फळीवर कपडे वाळत घालायच्या चार छोट्या पुल्या ठोकल्या, त्यावरनं चार दोऱ्या आणि प्रत्येकीला अर्धी भरलेली पाण्याची बाटली. खुर्चीवर बसून चारी बाटल्या एका उंचीवर ठेवायच्या, मग फक्त एक दोन इंच वर घ्यायची आणि बाकीच्या तीन हलू द्यायच्या नाहीत. दोन महिने रोज रात्री जेवणानंतर हेच. करंगळी आणि तिसरं बोट आखडतं सुरुवातीला, मग सवय होते.

निघताना गाडी मागच्या जोडीनं हलवायची. पुढच्यांनी आधी झेप घेतली तर दांडीचं टोक ओढलं जातं आणि मागच्यांना हिसका बसतो. म्हणून आधी पुढच्यांना आवरून धरा, मागच्यांची नावं घेऊन चल म्हणा, गाडी हलली की मग पुढच्यांना सोडा.

आणि वळण. चौकडीतली जवळपास सगळी भानगड वळणावर होते. आमच्या रानातनं तलावाकडं जाताना एक डावं वळण आहे, आतल्या बाजूला हद्दीचा दगड. चौकडी लावून तिसराच दिवस, पुढच्यांनी वळायला सुरुवात केली आणि मी त्यांना ओढू दिलं. त्यांचे ओढपट्टे ताठ होते, आणि ते दांडीच्या टोकाला बांधलेले, म्हणजे त्यांनी दांडीच डावीकडं खेचली, मागच्या दोघांना वळायचं नसतानाही फरफटत आत नेलं आणि डावं चाक दगडावर चढलं. गाडी तिरपी झाली, गंगीचा मागचा पाय आतल्या ओढपट्ट्यावरनं पलीकडं गेला. भाचा धावत तिच्या तोंडाशी गेला म्हणून बरं, ती नुसती थरथरत उभी राहिली. तिथंच सगळं सोडलं, तिला चालवत घरी नेलं, पायाला फक्त खरचटलं होतं.

तेव्हा वळण असं घ्या. दहा-पंधरा पावलं आधीच वेग कमी करा, आणि पुढच्यांच्या राशी एवढ्या घ्या की त्यांचे ओढपट्टे डोळ्यांना दिसतील असे सैल पडतील. मगच पुढच्या डाव्याच्या राशीचा छोटा वळसा, मिनीला हाताच्या रुंदीएवढा पुरतो, पहिल्या बोटाखाली अंगठ्यानं दाबून धरा. पुढचे वळतील. मागच्यांची सवय अशी की ते लगेच पुढच्यांच्या मागं आत जायला बघतात, त्यांना उजव्या हातानं किंचित उजवीकडं धरून ठेवा, पुढचे जिथं वळले त्या जागी मागचे पोचेपर्यंत. पोचले की अंगठ्याखालचा वळसा हळूहळू सोडा, एकदम नाही. गाडी सरळ झाली की मग पुढच्यांना परत ओढू द्या. उतारालाही तसंच, पुढच्यांचे पट्टे सैल, थोपवायचं काम मागच्यांचं. चढाला मात्र आठही पट्टे ताठ पाहिजेत.

ऊन

सोलापूरचा उन्हाळा माणसाला झेपत नाही, ह्यांना कसा झेपणार. १९६५ च्या ओढकामाच्या जनावरांच्या नियमांत लिहिलंय की ३७ अंशांच्या वर तापमान जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही, दिवसात एकूण ९ तासांवर नाही आणि सलग ५ तासांवर नाही. माझं म्हणणं मिनीसाठी ह्याच्या कितीतरी आत राहा. मार्च ते जून मी सकाळी सहाला निघतो आणि साडेआठच्या आत घोडे सावलीत. परत आल्यावर नाडी बघा, जबड्याच्या खालच्या कडेला आतनं बोट ठेवलं की लागते, उभ्या घोड्याची मिनिटाला साधारण ३० ते ४५ असते. दहा-पंधरा मिनिटांत ६० च्या खाली आली नाही तर काम जास्त झालं, उद्या कमी करा. अंगावर गार पाणी ओता, निथळून काढा, परत ओता. प्यायलाही लगेच द्या, कामावरनं आलेल्या घोड्याला पाणी पाजू नये ही जुनी समजूत धरून बसू नका.

खाण्यात मिनीचा धोका उपाशी राहण्यापेक्षा जाड होण्याचा. रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ९० किलोच्याला दीड-पावणेदोन किलो वाळलं गवत, चंदी, म्हणजे दाणा, मूठभरच. टांग्याच्या घोड्यासारखा हरभरा भरलात तर खुरांना सूज येऊन घोडा उभा राहायचा बंद होतो. ज्वारीचा हिरवा कोवळा चारा घालू नका, खोडव्याचा तर नाहीच, त्यात विष असतं. आणि जाड झाला म्हणून एकदम उपाशीही ठेवू नका, ह्या छोट्या जातीत उपाशी घोड्याच्या रक्तात चरबी उतरते आणि जिवावर बेततं. खायचं सोडलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

सोडताना

चौकडीत आधी पुढची जोडी सोडायची, ओढपट्टे काढून गुंडाळून पाठीवर, मग राशी, मग त्यांना बाजूला न्यायचं. मागच्यांचं जुंपण्याच्या बरोबर उलट, आतला ओढपट्टा, मग बाहेरचा, मग दांडीचा पट्टा, आणि राशी सगळ्यात शेवटी. शेवटच्या पट्ट्यापर्यंत तोंडाशी माणूस पाहिजेच, घरी आल्यावर घोड्यालाही घाई असते आणि आपल्यालाही.

मग छातीवर, दुमचीखाली, पाठीवर गादी बसते तिथं हात फिरवा. घाम सारखा आलाय का, कुठं केस मोडलेत का, कुठं गरम लागतंय का. एकाचीच छाती कोरडी असेल तर वहीत त्याचं नाव लिहा आणि उद्या जुंपताना बकलाची दोन भोकं बदला. खुरांत मुरमाचे खडे अडकलेले असतात, ते टोच्यानं काढा. ओढपट्टे ओल्या फडक्यानं पुसून सावलीत टांगा, उन्हात टाकलेलं चामडं आपल्याकडं महिन्याभरात तडकतं.